राजांनी समोरासमोर भेटू नये

४ सप्टेंबर २००७, मंगळवार. नाश्त्यानंतर.

रोजनिशी सुरू. मी सांगायचं, चारुतानं लिहायचं. चारुता म्हणजे धाकटी सून. अट एकच, लिहिणाऱ्यानं ऐकायचं नाही, नुसतं लिहायचं. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, तेव्हा काम एकदम सेफ.

जन्मात अक्षर शिकले नाही आणि सासरी नाव ठेवलं सुलेखा. आमचे हे म्हणायचे, देवालाही विनोद कळतो.

परवा टोकियोत उतरले. व्हिसा नव्वद दिवसांचा. तीस नोव्हेंबरला परत पुण्याला, बंद फ्लॅटचं कुलूप उघडायला. त्याआधी एकच काम. माझ्या दोन मुलांना एकमेकांशी बोलतं करायचं.

थोरला शशांक, राहतो इचिकावाला. धाकटा पुष्कर, राहतो इथे निशी-कसाईत. मेट्रोनं चार स्टेशनं. चार वर्षं बोलणं बंद. पुष्करला जपानला आणला शशांकनंच, स्वतःच्या कंपनीत. इथे नव्या माणसाची कुणीतरी हमी घ्यायची पद्धत. शशांकनं घेतली. अकरा महिन्यांत पुष्कर प्रोजेक्ट अर्धं टाकून दुसऱ्या कंपनीत. शशांकला साहेबासमोर कमरेत वाकून माफी मागावी लागली. जो मुलगा मला दिवाळीचा नमस्कारसुद्धा उभ्या उभ्या करतो, तो वाकला. ते त्याला विसरता येत नाही.

वाटणी अशी. सोमवार ते शुक्रवार मी पुष्करकडे, शनिवार-रविवार शशांककडे. बोलत नाही तर हे ठरवलं कसं, असं पुष्करला विचारलं. तो म्हणाला, ठरलं गं आई.

निश्चय: नव्वद दिवस पुष्कळ झाले. गणपतीपर्यंतच आटपेल.

७ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी.

चारुता पुण्यात फ्रेंच शिकवायची. एम.फिल. अर्धं सोडून इकडे आली. आज ट्रंक आवरताना त्याचं जाड पुस्तक निघालं. पाचशे वर्षांपूर्वीचा फ्रान्सचा कुणी मुत्सद्दी. आधी एका बड्या सरदाराच्या पदरी होता. मग एके दिवशी उठला आणि सरदाराच्या वैऱ्याकडे, म्हणजे थेट राजाकडे गेला. म्हातारपणी बखर लिहिली, सत्ता कशी चालते त्याची.

म्हटलं, म्हणजे आपला पुष्करच की. चारुता हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिलं इथे आल्यापासून.

जुन्या काळी अशा माणसाला वकील म्हणत. आजपासून त्याचं नाव वकीलबुवा. चारुता भाजी निवडते आणि तो काय म्हणतो ते मराठीत सांगते. त्याचा राजा लढाई टाळायचा. म्हणे लढाईचा निकाल देवाच्या हातात, बोलणी आपल्या हातात. जुनी टोपी घालून फिरायचा आणि ज्याच्याशी गरज त्याच्यापुढे मऊ मऊ बोलायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं. दोन राजांना मैत्री हवी असेल तर त्यांनी समोरासमोर कधी भेटू नये. भेटले की एकमेकांच्या नाकातोंडातच खोट दिसते. मधे शहाणी माणसं ठेवावीत, त्यांनी निरोप न्यावेत.

मधलं शहाणं माणूस मिळालं आहे.

१० सप्टेंबर, सोमवार. सकाळी.

पहिली वकिली पार पडली. हकीकत अशी.

शनिवारी पुष्करनं मला स्टेशनवर नेलं. शशांक गाडीतून उतरून तिकिटाच्या फाटकाच्या आत उभा. बाहेर येत नाही. पुष्कर बाहेर उभा. आत जात नाही. मी तिकीट घालून मधून पार, पार्सलसारखी. माझी पिशवी फाटकावरून एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली. बोटाला बोट लागतं का, डोळे लावून पाहिलं. नाही लागलं. पिशवीचा पट्टा फार लांब आहे.

घरी गेल्यावर शशांकला सांगितलं, पुष्कर तुझी सारखी आठवण काढतो. (काढत नाही.) शशांक म्हणाला, हं.

काल परत आल्यावर पुष्करला सांगितलं, दादा तुझ्या पाठदुखीची चौकशी करत होता. (करत नव्हता.) पुष्कर म्हणाला, हं.

चारुतानं विचारलं, हं कसला होता. म्हटलं, लांब होता. तोडायचं असतं तर माणूस आखूड हं करतो.

निश्चय: पिशवीचा पट्टा कापणे.

१९ सप्टेंबर, बुधवार.

पट्टा कापला. पुष्करनं नवी चाकांची बॅग आणली. आता ती फाटकाखालून ढकलतात. असो.

गणपती झाला. शशांककडे दीड दिवसाचा. डब्यातून मोदक आणले आणि पुष्करला सांगितलं, दादानं मुद्दाम तुझ्यासाठी काढून ठेवले. दिले होते चित्रानं, म्हणजे थोरल्या सुनेनं. ती म्हणाली, आई, उरलेत, न्या, नाहीतर फ्रिजमध्ये वाळतील. पण वकिलाला तपशील गाळता आला पाहिजे.

पुष्करनं नऊ खाल्ले. चारुता म्हणते चार. तिचं मोदकाकडे लक्ष नसतं.

मैथिलीला विचारलं, गणपतीला काकाकडे का नाही आलीस? सात वर्षांची नात. ती जपानीत काहीतरी म्हणाली आणि खेळायला गेली. चारुताला म्हटलं, काय म्हणाली. चारुतानं टाळलं. दोनदा विचारल्यावर म्हणाली, तिनं विचारलं, कोण काका?

हे वहीत नको होतं. पण लिहून झालं म्हणते.

१ ऑक्टोबर, सोमवार.

काल जरा गडबड झाली. जेवताना शशांकला सांगत होते की पुष्कर म्हणतो, दादासारखा भाऊ मिळायला सात जन्मांचं पुण्य लागतं. शशांकनं चमचा खाली ठेवला. म्हणाला, आई, तू हे मनानं रचतेस. रच, पण निदान त्याच्या तोंडाला शोभेल असं तरी रच. चित्रा उठून आत गेली, हसायला.

हार नाही. उलट प्रगती. चार वर्षांनी शशांकनं धाकट्यावरून विनोद केला. ज्याचा राग संपत आला त्याच्यावरच माणूस विनोद करतो.

निश्चय: १. सात जन्म वगैरे बंद. २. खोटं छोटं आणि साधं ठेवणे. ३. वकीलबुवांचा आणखी एक नियम. दुसऱ्याकडून आलेल्या वकिलाला पोटभर जेवू घालावं, आणि त्याच्यावर नजर ठेवावी. मला दोन्हीकडे पोटभर जेवू घालतात. नजर कुणी ठेवत नाही. चारुता म्हणते, ठेवतात, आई. तुम्ही पायऱ्या उतरताना दोघंही ठेवतात.

ते निराळं.

९ ऑक्टोबर, मंगळवार.

आज फार मोठी गोष्ट लिहायची आहे. चारुता, नीट लिही.

परवा, रविवारी सकाळी, शशांकच्या बाथरूममध्ये चक्कर आली. पडले नाही, भिंतीला धरून बसले. शशांकला शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही. इकडे आल्यावर मी अवाक्षर काढलं नाही. आणि काल पुष्कर अचानक विचारतो, आई, चक्कर आली तेव्हा एकटीच होतीस?

कळलं कसं? चारुताला माहीत नव्हतं, मैथिलीला नव्हतं. शशांकशी याचं बोलणं नाही.

रक्त. दुसरं काही नाही. एका रक्ताला दुसऱ्या रक्ताचं कळतं. मी सांगत होते ते हेच.

हे सांगितल्यावर चारुता पेन ठेवून पाणी प्यायला गेली. किती वेळ पाणी पिते ही बाई.

१७ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी.

उलगडा झाला! आता सगळं लक्षात आलं.

शनिवारी शशांकच्या टेबलावर एक रंगीत पुस्तिका होती. पांढरी इमारत, पुढे बाग, पायऱ्यांऐवजी उतार, बाकावर तीन म्हाताऱ्या हसत बसलेल्या. आज तीच पुस्तिका पुष्करच्या लॅपटॉपखाली. तीच इमारत, त्याच तिघी.

दोघं पुण्यात एकाच इमारतीत घर घेतायत. परत यायचं चाललंय दोघांचं. माझ्यापासून लपवून. उतार माझ्या गुडघ्यासाठी. त्या तिघी शेजारणी. मधली जरा आगाऊ दिसते, पण निभवून नेईन.

चारुताला म्हटलं, खाली काय लिहिलंय वाच. ती म्हणाली, पुण्याजवळची जागा आहे, आई. म्हटलं, ते दिसतंय, पुढे? ती म्हणाली, पुढचं पुष्कर सांगेल.

सरप्राईज आहे. मी काहीच न कळल्याचा चेहरा केला. वकीलबुवांनी पाठ थोपटली असती.

२४ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी.

आता उशीर नको. घर एकत्र घ्यायचं तर सही करायच्या आधी दोन शब्द तोंडानं बोलायला हवेत. दोघांची भेट घालते.

चारुता म्हणाली, तुम्हीच म्हणाला होतात, राजांनी भेटू नये. म्हटलं, त्याला अपवाद असेल. शोध. ती नाही म्हणत होती. शेवटी पान काढलं. इंग्लंडचा राजा आणि फ्रान्सचा राजा भेटले होते, नदीवरच्या पुलावर. पुलाच्या मधोमध जाड लाकडाची जाळी, सिंहाच्या पिंजऱ्याला असते तशी. हात जाईल एवढीच फट. जाळीतून गळाभेट घेतली. तह झाला. कुणी कुणाला मारलं नाही.

म्हटलं, बघ! स्टेशनचं फाटक आणि काय वेगळं असतं?

चारुता म्हणाली, हाच राजा त्याआधी एकदा त्या सरदाराच्या किल्ल्यात भेटायला गेला होता, आणि सरदारानं दरवाजे लावून घेतले. नको ना, आई. म्हटलं, तेव्हा जाळी नव्हती. भितेस कशाला, मारामारी करायला काय लहान आहेत?

ती म्हणाली, मारामारीची भीती नाही वाटत मला.

मग कशाची वाटते ते सांगेना.

२९ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी सात.

भेट झाली. बोलले. बोलले!

काल संध्याकाळी शशांक मला घेऊन निशी-कसाईला उतरला. पुष्कर फाटकाबाहेर. मी मुद्दाम तिकिटाऐवजी दुकानाची पावती घातली. मशीननं पिंक-पाँक केलं, दोन्ही झडपा मिटल्या, मी मधे अडकले. मागे सगळं स्टेशन तुंबलं. पण इथे कुणी ओरडत नाही. पन्नास माणसं, आणि हूं की चूं नाही. पुण्यात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

शशांक आतून आला, पुष्कर बाहेरून. मी जाळी.

शशांक म्हणाला, पावती घातलीय तिनं, खिडकीवर सांगतो. पुष्कर म्हणाला, सांग, मी इकडून हात धरतो. शशांक म्हणाला, आणि तो फॉर्म? पुष्कर म्हणाला, प्रिंट काढलाय, दिवाळीला तुझ्याकडेच येतो सगळे. शशांक म्हणाला, ओके, मग तेव्हाच सांगू.

संपलं. मला बाहेर काढलं. शशांक परतीच्या गाडीला गेला.

चार वर्षांची गाठ एका पावतीनं सोडवली. इतकं सोपं होतं. बोलताना कुणी अडखळलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, एखाद्याचा तरी आवाज जड होईल. काल-परवाच बोलले असावेत इतके सहज.

असो. आनंदात खोट काढू नये.

१ नोव्हेंबर, गुरुवार.

खोल्यांची वाटणी केली. शशांकला पूर्वेकडची, त्याला उजाडल्याशिवाय जाग येत नाही. पुष्करला मागची. मैथिली माझ्याजवळ. सहा महिन्यांत मराठी बोलायला लागेल, काका कोण हे विचारावं लागणार नाही. चारुतानं एम.फिल. पुरं करायचं. वकीलबुवांना वाऱ्यावर सोडायचं नाही.

चारुतानं हे सगळं लिहिलं. अक्षर कसं आलंय विचारलं. म्हणाली, जरा हललंय.

१२ नोव्हेंबर, सोमवार.

पाडव्याला सगळे शशांककडे. दोन्ही मुलं, दोन्ही सुना, नात. चार वर्षांत पहिल्यांदा एका टेबलाशी. मी अनरसे केले होते. छान जाळी पडली होती.

जेवणं झाली. शशांकनं टीव्ही बंद केला. एक माझ्या उजवीकडे बसला, एक डावीकडे. शशांक त्याच्या मीटिंगच्या आवाजात म्हणाला, आई, आम्ही दोघांनी मिळून खूप विचार केला.

आम्ही दोघांनी मिळून. हे शब्द ऐकायला चार वर्षं थांबले होते. त्यांच्याच आनंदात होते, म्हणून पुढचं आधी नीट ऐकूच आलं नाही. पुष्करला पुन्हा सांगावं लागलं.

ती इमारत म्हाताऱ्या माणसांची आहे. तळेगावच्या पुढे. स्वतंत्र खोली. डॉक्टर तिथेच राहतो. बाथरूममध्ये धरायला दांडे. जपान आईबापांना नव्वद दिवसांच्या वर ठेवू देत नाही. दोघांनाही इतक्यात परत येता येत नाही. आणि बंद फ्लॅटमध्ये मला एकटीला चक्कर आली तर कुणाला कळायचं नाही.

एकही शब्द खोटा नव्हता. दोन महिने खोटं फक्त मीच बोलत होते.

मी म्हटलं, बाग चांगली दिसते.

१३ नोव्हेंबर, मंगळवार.

चारुताला विचारलं. तिनं सांगितलं. मे महिन्यापासून दोघं एकमेकांना ई-मेल करतात. मी यायच्या आधीपासून. आई कुणाकडे किती दिवस, तिकीट कधीचं, डॉक्टर कुठला, चक्कर किती वाजता आली. फक्त माझ्याबद्दल. पहिली काही पत्रं नुसती कामाची, खाली नावसुद्धा नाही. मग एकदा पुष्करनं शेवटी लिहिलं, दादा, तू जेवतोस ना वेळेवर. मग हळूहळू.

मी डबे नेत होते तेव्हा निरोप तारेवरून जात होते. मला वाचता येत नाही ते बरंच पडलं सगळ्यांना.

म्हटलं, तू का नाही सांगितलंस? ती म्हणाली, लिहिणाऱ्यानं ऐकायचं नाही अशी अट होती. आणि रडायला लागली. मग मीच तिला पाणी आणून दिलं.

ती म्हणाली, पण, आई, तुमच्यामुळेच बोलायला लागले ना दोघं. म्हटलं, हो. दोन राजांचा तह नेहमी तिसऱ्याच्या मुलखावर होतो. हे वकीलबुवांनी लिहिलंय का? ती म्हणाली, असं नाही लिहिलेलं. मग म्हटलं, माझ्या नावावर लिही.

२० नोव्हेंबर, मंगळवार.

रविवारी फॉर्मवर अंगठा दिला. शशांकनं इथली लाल शाई आणली होती, हे लोक शिक्का उमटवायला वापरतात ती. पहिला ठसा पुसट आला. शशांक म्हणाला, आई, जरा दाबून. दुसऱ्यांदा त्यानं माझा अंगठा स्वतःच्या हातानं धरला. केवढा थंड हात. लहानपणी परीक्षेला जाताना असाच थंड पडायचा.

पुष्कर खिडकीशी पाठ करून उभा होता. पाठ दुखते म्हणून नाही.

चारुतानं आज न विचारता वाचलं. वकीलबुवा म्हणतात, ज्यांनी आपल्यावर फार उपकार केले ती माणसं राजांना नकोशी होतात. आपण ज्यांच्यावर उपकार केले ती आवडतात. चारुता म्हणाली, म्हणून तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. हे सांत्वन आहे हे मला दोन मिनिटांनी कळलं. फ्रेंच माणसाचं सांत्वन असंच असणार.

राजाचं शेवटी काय झालं विचारलं. म्हणाली, फार भित्रा झाला. वाड्याला लोखंडी गजांचं कुंपण केलं. भिंतींवर खिळे ठोकले. पोटच्या मुलालाही जवळ येऊ देईना.

वेडाच. मी कुणालाही येऊ दिलं असतं.

निश्चय: नाही.

३० नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी साडेआठ.

नऊ वाजता निघायचं. बॅगा बांधून झाल्या. विमानतळावर दोघंही येतायत. दोघांनी सुट्टी घेतलीय.

शशांक आठला आला. या घरात पहिल्यांदा. दारात बूट काढताना क्षणभर थांबला, मग पुष्कर म्हणाला, ये ना, दादा, चपला इकडे आहेत. मैथिलीनं मान वर करून पाहिलं. पुष्करनं तिला जपानीत काही सांगितलं. तिनं जपान्यांसारखी वाकून मान लववली. शशांकही वाकला.

मी चारुताला घेऊन आतल्या खोलीत बसलेय, ही ओळ सांगायला. दोघं स्वयंपाकघरात चहा पितायत. शशांक म्हणतोय, साखर कमी घाल, तू अजून बाबांसारखा चहा करतोस. पुष्कर म्हणतोय, तू अजून बाबांसारखा बशीत ओततोस. आता दोघंही हसतायत. पुष्करचं ते नाकातून हसणं, चौथीत असल्यापासूनचं.

चारुता म्हणते, बाहेर चला, आई, त्यांच्यात बसा.

नाही. मी गेले की एक उठून खुर्ची देईल, दुसरा गोळी घेतली का विचारेल, आणि गप्प होतील.

अजून वीस मिनिटं आहेत. बोलू देत. चारुता, दार लोटून घे.